दहिवरावरची पावले

तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात मी शाळेची सहल घेऊन महाबळेश्वरी गेलो होतो. आमची शाळा साताऱ्याकडच्या एका खेड्यातली; मुलांना थंडी ठाऊक, पण महाबळेश्वरची थंडी निराळी. मुक्काम वेण्णा तलावाच्या अंगाला होता. पहाटे कुणीतरी आरोळी ठोकली, "गुरुजी, बर्फ पडलाय!" आणि अंगावरची घोंगडी टाकून सारी फलटण बाहेर पळाली. बघतो तो समोरच्या बागेतली सारी हिरवळ पिठी साखर भुरभुरावी तशी पांढरी झालेली. गाड्यांच्या टपांवर, कुंपणाच्या तारांवर, वाळल्या पानांच्या कडांवर, जिथे म्हणून दहिवर पडले होते तिथे ते गोठून बसले होते. पोरांना काय, रानच मिळाले! ती त्या पांढऱ्या गालिच्यावर नाचू लागली.

तेवढ्यात मागून बागेचा माळी ओरडत आला. "अहो मास्तर, पोरांना आवरा! गवत मारतील माझं!"

मला त्याचा जरा रागच आला. गवतावर मुले नाचली तर गवत मरते, हे मी जन्मात ऐकले नव्हते. आमच्या शाळेच्या पटांगणात दीडशे पोरे वर्षानुवर्षे नाचताहेत आणि हरळी त्यांना पुरून उरली आहे. मी तसे बोलून दाखवले. माळी वाद घालणारा नव्हता. तो एवढेच म्हणाला, "आत्ता काही दिसायचं नाही. उन्हं वर आली की या बघायला."

दुपारी जेवणे उरकून आम्ही गेलो. हिमाचा मागमूस नव्हता. हिरवळ पुन्हा हिरवी झाली होती. पण त्या हिरवळीवर काळपट तपकिरी रंगाची शेकडो पावले उमटली होती. टाच, चवडा, बुटाच्या तळव्याची नक्षीसुद्धा ओळखू येत होती. आमच्यातला एक बारकासा मुलगा सकाळी अनवाणीच धावला होता. त्याने एका पाऊलखुणेशेजारी आपला पाय धरून पाहिला आणि अपराध्यासारखा म्हणाला, "गुरुजी, हे माझं."

सहल संपली, पण ती पावले माझ्या डोक्यातून जाईनात. योगायोग असा, की त्या सुमारास मी एक कादंबरी लिहीत होतो. तिच्यात इंग्रजी अमदानीतला एक स्कॉच साहेब होता, आणि स्कॉच साहेब म्हटला म्हणजे गोल्फ आलाच. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. गोल्फ मी खेळलो तर नाहीच, पण जवळून पाहिलाही नाही. आमची मजल विटीदांडूपर्यंत. तेव्हा साहेबाच्या हाती नीट काठी देता यावी म्हणून मी त्या खेळाचा इतिहास वाचायला घेतला, आणि वाचता वाचता एका जागी दचकून थांबलो. स्कॉटलंडातल्या मैदानांचे राखणदार हिवाळ्याच्या सकाळी खेळणाऱ्यांना जे सांगत आले आहेत, ते शब्दशः आमच्या माळ्याचे म्हणणे होते: गोठलेल्या गवतावर पाय देऊ नका.

त्या एका वाक्याचा माग काढता काढता साहेब आणि कादंबरी दोन्ही मागे पडली. जे हाती लागले ते या दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवतो.

पहिले नवल असे, की गोल्फ हा मुळात हिवाळ्याचा खेळ. आज चित्रांत आपण पाहतो ते स्वच्छ ऊन, पांढरी टोपी आणि गालिच्यासारखे कातरलेले गवत. पण स्कॉटलंडात हा खेळ वाढला तो गारठ्यात. तिथला उन्हाळा ओला आणि दिवस लांबलचक. गवत ढोपरभर वाढणार आणि त्यात चेंडू पडला की शोधत बसा! गवत कापायचे यंत्र इंग्लंडात एडविन बडिंग नावाच्या कारागिराने काढले ते १८३० साली. त्याआधी समुद्रकाठच्या वाळूच्या माळरानावर, ज्याला ते लोक 'लिंक्स' म्हणतात, गवत कापणारे दोघेच : मेंढ्या आणि ससे. शरद सरला, गवताची वाढ थांबली, मेंढरांनी उरलेसुरले खुरटून टाकले, की मैदान मोकळे व्हायचे आणि माणसे काठ्या घेऊन बाहेर पडायची.

जुन्या नोंदी चाळल्या तर हिवाळ्याच्या तारखा पुन्हा पुन्हा भेटतात. १४५७ साली दुसऱ्या जेम्स राजाच्या पार्लमेंटने गोल्फवर बंदी घातली, कारण प्रजा तिरंदाजीचा सराव सोडून चेंडूमागे धावू लागली होती. पण त्याच घराण्यातल्या चौथ्या जेम्सने १५०२ साली पर्थ गावच्या धनुष्य करणाऱ्याकडूनच गोल्फच्या काठ्या विकत घेतल्या. म्हणजे ज्या तिरंदाजीसाठी बंदी घातली, तिच्याच कारागिराला राजाने काठ्या करायला लावल्या! आणि हा राजा अर्ल ऑफ बॉथवेलबरोबर खेळला, त्यासाठी खजिन्यातून पैसे दिल्याची नोंद आहे ती १५०४ च्या फेब्रुवारीतली. सेंट अँड्र्यूज गावच्या माळावर खेळण्याचा गावकऱ्यांचा हक्क आर्चबिशप हॅमिल्टनच्या ज्या सनदेत मान्य झाला, तिच्यावरची तारीखही २५ जानेवारीची. राणी मेरीवर शत्रूंनी आळ घेतला, की नवऱ्याचा खून होऊन चार दिवस लोटले नाहीत तोच बाई गोल्फ खेळली. तो खून १५६७ च्या फेब्रुवारीतला. आळ खरा की खोटा हा निराळा प्रश्न. पण फेब्रुवारीत गोल्फ खेळला जातो याचे मात्र कुणालाच नवल वाटले नाही. एडिंबरोच्या टॉमस किंकेड नावाच्या वैद्यकी शिकणाऱ्या तरुणाने काठी कशी धरावी, पाय कसे रोवावेत, अंग कसे वळवावे, याची टिपणे आपल्या रोजनिशीत लिहून ठेवली. हा खेळ शिकवणारे ते फार जुने लिखाण, आणि तेही १६८७ च्या जानेवारीतले.

समुद्रापलीकडे हॉलंडात तर याहून मौज होती. तिथे 'कोल्फ' नावाचा या खेळाचा एक भाऊबंद होता आणि तो सरळ गोठलेल्या कालव्यांवर चाले. ते युरोपातल्या लहान हिमयुगाचे दिवस. लंडनची टेम्स नदीसुद्धा अधूनमधून गोठे आणि तिच्यावर जत्रा भरे. तशी शेवटची जत्रा १८१४ च्या फेब्रुवारीत भरली, तेव्हा नदीच्या बर्फावरून हत्ती चालवून दाखवला असे सांगतात. हॉलंडातल्या कांपेन गावी हेंड्रिक अॅव्हरकॅम्प नावाचा चित्रकार होता. १५८५ साली जन्मला, १६३४ साली वारला. हा जन्माचा मुका; पण त्याची चित्रे काय बोलतात! गोठलेला कालवा, त्यावर घसरणारी, पडणारी, हसणारी शेकडो माणसे, आणि त्यांच्यात हातात काठी घेऊन चेंडूवर डोळा लावून उभा असलेला एखादा कोल्फवाला. बर्फावर गल कोठून खणणार? म्हणून एखादा खांब नेम म्हणून धरत. तिथे गवताचा प्रश्नच नव्हता. बर्फावर कितीही नाचा, बर्फाला जखम होत नाही.

जखम होते ती जित्या गवताला. ती कशी होते हे समजून घेण्यासारखे आहे.

गवताचे पाते म्हणजे बव्हंशी पाणी; अगणित सूक्ष्म पेशींच्या पिशव्यांत भरून ठेवलेले. एरवी पाय पडला की या पिशव्या दबतात आणि पाय उचलला की पुन्हा फुगून वर येतात. म्हणून हरळी पोरांना पुरून उरते. पण पाते गोठले म्हणजे त्याचा लवचिकपणा जातो. मग पाऊल पडले की पाते वाकत नाही, आतल्या आत मोडते, आणि बर्फाच्या कण्या पेशींच्या भिंती फोडतात. त्या क्षणी डोळ्यांना काही दिसत नाही. ऊन पडून बर्फ वितळला की फुटलेल्या पिशव्यांतले पाणी पाझरते, पाते काळवंडते आणि पुढे वाळल्या काडीसारखे होते. थंडीत गवताची वाढ जवळजवळ थांबलेली असते, म्हणून ही जखम आठवडेच्या आठवडे तशीच दिसत राहते. पात्यांवरच निभावले तर वसंतात नवे पाते येते. पण मुळाच्या माथ्यावरचा कोंब चिरडला गेला असेल, तर ती जागा मेलीच म्हणायची.

आता कुणी विचारील, महाबळेश्वरात हिम पडते तरी कसे? पुष्कळदा वर्तमानपत्रात येते, की गावातले किमान तापमान आठ-दहा अंश आणि वेण्णेकाठी दहिवर गोठले. हे कोडे मलाही होते. उत्तर असे, की वेधशाळेचा तापमापक हवेची उष्णता मोजतो आणि तीही जमिनीपासून उंचावर. गवताच्या पात्याची नव्हे. निरभ्र, निवांत रात्री पाते आपल्या अंगातली ऊब आभाळाकडे टाकत राहते. ढगांचे पांघरूण असते तर ती परत मिळाली असती. वारा असता तर वरची उबदार हवा खाली मिसळली असती. दोन्ही नसले म्हणजे पाते भोवतालच्या हवेहून कितीतरी गार होते. त्यात गार हवा जड. ती पाण्यासारखी उतारावरून वाहत येऊन तळ्याकाठच्या खोलगट जागी साचते. म्हणूनच वाळवंटातही हिम पडते. अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या रखरखीत मुलखात फीनिक्सजवळ हिवाळ्यात मोठे सामने होतात. तिथे दुपारी अंगरखा काढावासा वाटतो, आणि सकाळी मात्र हिरवळीवरचे हिम वितळेपर्यंत भल्या भल्या खेळाडूंना तासन्‌तास ताटकळत बसावे लागते.

हे वाचत होतो तेव्हा मला निफाडच्या मामाची आठवण झाली. त्याची द्राक्षाची बाग. एका माघात मी त्याच्याकडे होतो. संध्याकाळी वारा पडला, आभाळात एक ढग दिसेना, आणि मामाचे बोलणे थांबले. रात्री त्याने बांधाबांधाने शेकोट्या पेटवल्या. धूर बागेवर लुगड्यासारखा पसरला. पहाटे त्याने विहिरीचे पाणी सोडले, कारण जमिनीच्या पोटातले पाणी वरच्या गारठ्याहून उबदार असते. मी म्हणालो, "मामा, आता जरा पड की." तो म्हणाला, "बाळ पाळण्यात कण्हत असताना निजतं का कुणी?" त्या रात्री बाग वाचली. आदल्या एका वर्षी वाचली नव्हती. मणी तडकले होते आणि कर्जाचा हप्ता चुकला होता. ज्याने निरभ्र आकाशाकडे भयाने पाहिले आहे, त्यालाच हिमाचा राखणदार समजतो.

असाच एक राखणदार सेंट अँड्र्यूजला होऊन गेला. त्याचे नाव टॉम मॉरिस. जन्म १८२१ चा. तरुणपणी चेंडू करण्याचा धंदा शिकला, पुढे प्रेस्टविकच्या मैदानाची देखभाल केली, आणि १८६४ साली आपल्या गावच्या मैदानाचा राखणदार म्हणून सालिना पन्नास पौंडांवर परत आला. तो स्वतः पट्टीचा खेळाडू. ओपन स्पर्धा त्याने चारदा जिंकली. पण त्याची खरी माया गवतावर होती. वाळू हे त्याचे सगळ्या रोगांवरचे औषध. एकदा वाळूची हातगाडी हिरवळीवर उपडी झाली आणि तिथेच गवत जोमाने आले, यावरून त्याला ही युक्ती सुचली अशी आख्यायिका आहे. युक्ती खरी होती : वाळू पाणी जिरवते, आणि जिथे पाणी साचत नाही तिथे ते गोठायचीही भीती कमी. मैदान कधी डाव्या अंगाने तर कधी उजव्या अंगाने खेळायची रीत तिथे पडली. त्यामुळे एकाच जागेवर सारखा घाव बसत नसे. रविवारी तर मैदान साफ बंद. खेळणाऱ्यांना नसली तरी गवताला विश्रांती हवी, असे तो म्हणे. आजही त्या जुन्या मैदानावर एरवी रविवारी खेळ होत नाही.

इथे इतिहासातली एक गंमत पाहावी. ज्या काळी हिरवळ मेंढ्यांनी खुरटलेली, राठ, खड्डेमय होती, त्या काळी हिमाची पर्वा कुणी केली नाही. पुढे यंत्र आले, गवत वीतभराचे बोटभर आणि बोटभराचे नखभर झाले, हिरवळ मखमली झाली, आणि मग ती हिमाला भिऊ लागली. जितके लाड, तितकी नाजूक! गेल्या शतकभरात राखणदारांनी नियमच करून टाकले. पाते गोठले असेल तोवर पाय ठेवायचा नाही, थांबायचे. जमीनच गोठली तर खऱ्या हिरवळी झाकायच्या आणि जवळच्या साध्या गवतात कामचलाऊ गल खणायची. सर्वांत धोक्याची वेळ बर्फ वितळण्याची. तेव्हा वरचा बोटभर थर सैल आणि खालचा थर अजून दगडासारखा; पाणी खाली जिरत नाही, वरचे गवत चिखलावर तरंगते, आणि पाय फिरला की खाली रुतलेली मुळे तटकन तुटतात. अलीकडे सेंट अँड्र्यूजच्या जुन्या मैदानावर थंडीच्या महिन्यांत खेळाडूने लहानशी चटई बरोबर बाळगायची आणि मोकळ्या गवतावरचा चेंडू तिच्यावर ठेवून मारायचा, अशी शिस्त आहे.

खेळाचेही गारठ्यात रूपच पालटते. जमीन गोठली की चेंडू फरशीवर पडल्यासारखा टणकन उसळतो. हिरवळीवर थेट उतरवला तर तिच्यावरून उडून पलीकडे जातो. म्हणून जाणता खेळाडू तो अलीकडेच टाकतो आणि धावू देतो. उलट हवेत मात्र तो कमी पल्ला गाठतो, कारण थंड हवा दाट आणि थंड चेंडू मठ्ठ. जुन्या दिवसांत तर चेंडूच फुटे. १८४८ च्या सुमारास मलायातल्या झाडाच्या चिकापासून, गटापर्चापासून, चेंडू होऊ लागले. तो चीक सेंट अँड्र्यूजला प्रथम पोचला तो म्हणे पूर्वेकडून आलेल्या विष्णूच्या मूर्तीच्या पेटीतून, मूर्तीभोवतीच्या भरतीच्या रूपाने. कथा खरी असो वा नसो, भगवंताने चेंडूचा खेळ पूर्वीही केला आहे, तेव्हा आपल्याला ती पटायला हरकत नाही! पण हे गटापर्चाचे चेंडू कडक थंडीत ठिसूळ होत आणि तडाख्यासरशी त्यांचे तुकडे होत. मग सर्वांत मोठा तुकडा जिथे पडेल, तिथून नव्या चेंडूने पुढचा डाव, असा नियमच होता.

नियमावरून आठवले. गोल्फच्या नियमकर्त्यांनी बर्फाला दोन जाती दिल्या आहेत : पडलेला बर्फ तात्पुरते पाणी समजा किंवा केरकचरा समजून बाजूला करा, खेळणाऱ्याची मर्जी. पण दहिवर आणि हिम यांना कोणतीच जात नाही; ते पाणीही नव्हे आणि कचराही नव्हे. जिथून डावाचा पहिला टोला मारायचा, तेवढ्या जागेवरचे ते पुसता येते. पुढे मात्र जसे असेल तसे सोसायचे.

सोसण्याऐवजी हौसेने बर्फात खेळणारा एक माणूस आपल्या मुंबईचा निघावा, हीही गंमतच. रडयार्ड किप्लिंग १८६५ साली मुंबईत जन्मला. १८९२ ते १८९६ या काळात तो अमेरिकेतल्या व्हरमाँट प्रांतात राहत होता, आणि तिथल्या घराचे नाव त्याने ठेवले होते 'नौलाखा'. १८९४ च्या नोव्हेंबरात शेरलॉक होम्सचा जनक कॉनन डॉइल त्याच्याकडे पाहुणा आला आणि त्याने किप्लिंगला गोल्फचे धडे दिले. हिवाळ्यात सारा मुलूख पांढरा. पांढरा चेंडू दिसायचा कसा? किप्लिंगने चेंडू लाल रंगवले. पण गोठलेल्या बर्फाच्या उतारावर टोला बसला की चेंडू थांबायचे नावच घेईना. तो पार दूरच्या नदीकडे घरंगळत जाई, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे.

हा झाला हसण्याचा भाग. पण बर्फातल्या ज्या खेळापाशी माझे वाचन थांबले, तो हसण्याजोगा नव्हता.

टॉम मॉरिसला एक मुलगा होता. त्याचेही नाव टॉम. लोक बापाला म्हातारा टॉम म्हणत आणि लेकाला तरणा टॉम. १८६८ साली सतराव्या वर्षी या पोराने ओपन स्पर्धा जिंकली; त्याच्या आधी सलग दोनदा नव्हे, पण आदल्याच वर्षी ती बापाने जिंकली होती. पुढे १८६९, १८७० अशी ओळीने तीनदा जिंकल्यामुळे बक्षिसाचा चामडी पट्टा नियमाने त्याच्याच घरी राहिला. १८७१ साली बक्षीसच नव्हते म्हणून स्पर्धा झाली नाही, आणि १८७२ साली पुन्हा तोच जिंकला. असा खेळाडू त्या मुलखाने पाहिला नव्हता.

१८७५ च्या सप्टेंबरात बापलेक नॉर्थ बेरिकला विली आणि मंगो पार्क या भावांशी सामना खेळत होते. सामना संपत आला असताना तार आली. तरण्या टॉमची बायको मार्गारेट बाळंतपणात अडली होती. मधे समुद्राची खाडी. एका गृहस्थाने आपली शिडाची नौका दिली. पण बापलेक घरी पोचण्याआधीच मार्गारेट आणि नवजात बाळ दोन्ही गेली होती. टॉम तेव्हा चोवीस वर्षांचा.

तो पुन्हा खेळला. पण बघणारे सांगत, की हात खेळतात, माणूस तिथे नाही. त्याच हिवाळ्यात आर्थर मोल्सवर्थ नावाच्या इंग्रज हौशी खेळाडूच्या बाजूने आव्हान आले : सहा दिवस, रोज दोन फेऱ्या, म्हणजे एकूण दोनशे सोळा गली, आणि तिसऱ्या हिश्शाच्या गलींवर मोल्सवर्थला एकेका टोल्याची सूट. टॉमने ते पत्करले. जागा सेंट अँड्र्यूज. थंडी कडाक्याची, आणि त्यात बर्फ. आज तसे हिम पडले तर मैदानाच्या दारावरच पाटी लागली असती. पण तो काळ जुन्या गोल्फचा. हिवाळा हा खेळाचाच ऋतू. पैजा लागल्या होत्या. कुणी थांबा म्हटले नाही, किंवा म्हटले असले तरी खेळ थांबला नाही. टॉम सहाही दिवस चालत राहिला आणि नऊ गलींनी जिंकला.

काही आठवडे गेले. नाताळच्या सकाळी, २५ डिसेंबर १८७५ रोजी, तरणा टॉम बिछान्यात मेलेला आढळला. फुफ्फुसातली रक्तवाहिनी फुटली होती. लोक म्हणाले, पोरगा दुःखाने गेला. काहींनी त्या बर्फातल्या सामन्याला बोल लावला. रक्तवाहिनी फुटायला थंडीच कारण झाली, असे सिद्ध करता येत नाही. इतिहास लिहिणाऱ्याने एवढ्यावर थांबावे.

पण मी कादंबरीकारही आहे आणि दोन लेकरांचा बापही. म्हाताऱ्या टॉमचे दुकान शेवटच्या गलीच्या समोरच होते. त्या सहा दिवसांत त्याने तिथून काय पाहिले असेल, याची मी कल्पना करू लागलो. पांढरे मैदान, आणि त्यावरून चाललेली आपल्या पोराची पावले. हा माणूस गवताची नाडी ओळखणारा. पाते गोठलेले असताना त्यावर भार टाकू नये, त्या क्षणी काही दिसत नाही आणि जखम मागाहून काळी पडते, हे त्याच्याइतके कुणाला कळत होते? ते ज्ञान त्याने मैदानाला लावले. चोवीस वर्षांच्या मुलाला ते कसे लावावे, हे त्याला त्या आठवड्यात सुचले नसेल. कुणा बापाला वेळेवर सुचते? मास्तरकी करताना मीही हेच पाहतो. घरी मोठे दुःख घडलेला एखादा मुलगा चारच दिवसांनी वर्गात येतो, पाढे म्हणतो, धडा वाचतो, आणि आपण म्हणतो, सावरला हो पोरगा! आणि त्याच्या पाठीवर परीक्षेचे ओझे टाकून मोकळे होतो.

१८७८ साली साठ गोल्फ-मंडळांच्या वर्गणीतून सेंट अँड्र्यूजच्या जुन्या कॅथीड्रलच्या आवारात तरण्या टॉमचे स्मारक उभे राहिले. काठी घेऊन चेंडूवर वाकलेली त्याची मूर्ती आजही तिथे आहे. म्हातारा टॉम त्यानंतरही तीस वर्षे जगला. कुणी म्हणे, पोरगा छाती फुटून मेला. तेव्हा म्हातारा उत्तर देई, की माणसे तशी मरत असती, तर मीही आज इथे नसतो. तो रोज समुद्रात स्नान करी, रोज मैदानावर जाई, वाळू टाकी, गवत राखी. १९०८ साली जिन्यावरून पडून तो गेला, तेव्हा सत्त्याऐंशीला थोडेच दिवस उणे होते.

परवा, सहलीनंतर पुढच्या वर्षी पुन्हा महाबळेश्वरी गेलो होतो ती हकीकत सांगून संपवतो. मुद्दाम त्या बागेत गेलो. हिरवळ सारी सारखी होती. कुठे पाऊल पडले होते हे ओळखू येईना. माळ्याने मला ओळखले. मी विचारले, "आमच्या पोरांनी मारलेलं गवत जगलं कसं हो?"

तो बसल्या जागेवरून खुरप्याने थोडी माती उकरून दाखवत म्हणाला, "वरचं गेलं होतं मास्तर. मुळी शाबूत होती. पावसाळ्यापर्यंत कुणाला पाय ठेवू दिला नाही, बस्स."

या वर्षी शाळेची सहल पुन्हा तिकडेच निघणार आहे. तो अनवाणी धावलेला मुलगा आता मोठ्या वर्गात गेला. पहाटे तो धाकट्यांना हिरवळीच्या कडेला उभे करून काय सांगणार आहे, ते त्याने मला आताच सांगून ठेवले आहे.